तीन हजार मिलिमीटर पावसात दुष्काळ मोजायचा कसा?

वरकस (धागाकर्ता)

मंडळी, राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावासाठी एक कागद तयार करतोय. पावसाने ओढ दिली तर कुठली शेतं आणि कुठली घरं आधी अडचणीत येतील, एवढंच त्यात हवं. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात 'पाणी' म्हटलं की नळयोजना येते, टँकर येतो. भाताचं पाणी येतच नाही. ते देवाच्या खात्यावर. इथे शेती करणारे आहेत, आकडे जाणणारे आहेत आणि नुसत्या खोड्या काढणारेही आहेत. तिघांचीही गरज आहे.

अडचण कुठे येते ते सांगतो. २०२३ आठवा. जुलैत एवढा ओतला की १९ तारखेच्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. त्यानंतरचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा, सरासरीच्या ३६ टक्के खाली. राज्याने ३१ ऑक्टोबरला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात कोकणातला एकही नव्हता. बेरीज केली तर तेही बरोबरच. जुलैचं पाणी ऑगस्टच्या नावावर जमा होतं, आणि कागदावर सगळं आबादीआबाद.

पण जुलैचं पाणी ऑगस्टला शेतात असतं कुठे? ते केव्हाच खाडीला मिळालेलं असतं. खाचरात पाच सेंटिमीटर पाणी उभं आहे असं धरा. ऊन पडलं की पीक आणि हवा मिळून दिवसाला चार-पाच मिलिमीटर ओढतात. जांभ्यावरच्या उतरत्या चोंढ्यात (भाताच्या लहान तुकड्यात) झिरपा तेवढाच किंवा त्याहून जास्त. दिवसाला दहा मिलिमीटर गेले तर पाचव्या दिवशी चिखल उघडा पडतो आणि पुढच्या चार-सहा दिवसांत भेगा. हेच तळच्या मळ्यात वरून पाझर येत राहतो म्हणून पंधरा दिवसही निभतं. एकाच गावात, एकाच पावसात, पाखाडीच्या (उतारावरच्या पायवाटेच्या) वर दुष्काळ आणि पाखाडीच्या खाली सुकाळ.

म्हणून माझं म्हणणं: आपल्याकडे एकूण पाऊस मोजून काही हाती लागत नाही. उघडीप कुठल्या तारखेला सुरू झाली, तेव्हा भात कुठल्या अवस्थेत होतं आणि चोंढा कुठे आहे, या तीन गोष्टी जुळवल्याशिवाय धोका कळत नाही. कागदावर काय काय मांडावं, सुचवा. आणि चुकत असेन तर झोडा.

तिकटीवरचो

तीन हजार मिलिमीटर पाऊस पडता आणि तुमी दुष्काळ म्हणतास? मराठवाड्यातल्या माणसांका सांगल्यार हसतीत. आमच्याकडे पान्याचो दुष्काळ नाय, माणसांचो आसा. पन्नास टक्के शेती पडीक, ती भिजली काय आणि सुकली काय.

चाकरमानी

तिकटीकाका आले, आता धागा शंभरी गाठणार. वाचतोय.

आकडेमोड

तिकटीवरचो यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, त्याला शास्त्रातही जागा आहे. पण आधी पावसाकडे येतो.

तुम्ही म्हणता ती बेरजेची भानगड खरी आहे. हवामान खात्याच्या भाषेत सरासरीच्या १९ टक्के वर-खाली म्हणजे 'सामान्य'. ज्या तालुक्यात सरासरी ३,००० आहे तिथे २,४५० पडला तरी सामान्य आणि ३,५५० पडला तरी सामान्य. त्या अकराशे मिलिमीटरच्या पट्ट्यात काय काय दडून जाईल बघा. सोलापूर जिल्ह्याला वर्षभरात एवढा पाऊस मिळत नाही.

यावर उपाय म्हणून एसपीआय नावाचा निर्देशांक वापरतात. मॅकी आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडला. त्यात मिलिमीटर बाजूला राहतात. त्या ठिकाणच्या जुन्या नोंदींच्या मानाने यंदाचा पाऊस किती वेगळा, तेवढंच उरतं. उणे एकच्या खाली मध्यम दुष्काळ, उणे दीडच्या खाली तीव्र, उणे दोनच्या खाली अतितीव्र. त्यामुळे दापोलीची तुलना दापोलीशीच होते, दुष्काळी जतशी नाही. आणि तो एका महिन्याचा, तीन महिन्यांचा, सहा महिन्यांचा असा वेगवेगळा काढता येतो. चार महिन्यांचा काढलात तर पुन्हा तेच, जुलै सगळं झाकून टाकेल. तुम्हाला फक्त ऑगस्टचा आणि फक्त सप्टेंबरचा हवा. मात्र निदान तीस वर्षांची नोंद पाहिजे. गावात ती मिळणार नाही, जवळच्या जुन्या पर्जन्यमापकाची घ्यावी लागेल.

दुष्काळ जाहीर करायच्या सरकारी नियमांबद्दल: २०१६ ची केंद्राची नियमावली नुसत्या बेरजेवर थांबत नाही हेही सांगायला हवं. पावसातला खंड तिथे वेगळा धरलाय, तीन ते चार आठवडे सलग, सरासरीच्या निम्म्याहून कमी. त्यापुढे पेरणीचं क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारा हिरवेपणा, जमिनीतला ओलावा, धरणं आणि भूजल हे बघतात. कल्पना वाईट नाही. पण तुमच्या हिशोबाने वरच्या चोंढ्याचा निकाल दहा-बारा दिवसांत लागतो, आणि नियम तीन आठवडे थांबतो. मधे एक जोरदार सर आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

वरकस

नेमकं! शिवाय ती सर आमच्या महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) पडते, आमच्या वाडीत नाही. महावेधचं, म्हणजे राज्याच्या हवामान प्रकल्पाचं, स्वयंचलित केंद्र मंडळाला एक. कोकणात एका मंडळात समुद्रही असतो आणि डोंगरही असतो.

कर्जतवाली

मी खाली रायगडात भात करते, थोडं अवस्थेबद्दल लिहिते, कारण धाग्यात ते अजून नीट आलेलं नाही.

लावणीनंतर रोप जीव धरेपर्यंत पाणी गेलं तर फुटवे कमी येतात आणि तण माजतं. नुकसान होतं, पण पुढे पाऊस आला तर पीक बऱ्यापैकी सावरतं. खरी मान कापली जाते ती पोटरी ते फुलोरा या दिवसांत. लोंबी पानाच्या पोटात असताना ताण बसला तर ती धड बाहेर पडत नाही, निसवताना अडकते. फुलोऱ्यात बसला तर परागकण मरतात आणि दाणा धरतच नाही. अशा शेतात लांबून काही कळत नाही, लोंब्या ताठ उभ्या दिसतात. पण चांगल्या भाताची लोंबी वाकते, ही वाकत नाही. एक दाणा नखात धरून दाबा. दूध भरलं असेल तर पांढरा थेंब येतो. नाहीतर नुसतं टरफल चेपतं. पळींज.

आता तारखा लावा. हळवं भात शंभर ते सव्वाशे दिवसांचं, निमगरवं त्याच्या पुढे एकशेपस्तीसपर्यंत, गरवं त्याहून जास्त. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेलं हळवं ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला फुलतं, गरवं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात. म्हणजे तीच उघडीप ऑगस्टअखेर आली तर हळवं मरतं आणि गरवं वाचतं, सप्टेंबरअखेर आली तर उलट. 'ना पडतील उत्तरा, तर भात मिळेना पितरा' म्हणतात ते गरव्या भातावरूनच असणार. उत्तरा १३ सप्टेंबरच्या आसपास लागतं.

तेव्हा वरकस, तुमच्या कागदावर प्रत्येक चोंढ्यापुढे भाताची जात आणि पेरणीची तारीख लिहा. पाऊस मग लिहा.

तिकटीवरचो

ह्यां मात्र बरोबर बोललास गो बाय. आमचे आजे वरच्या भागात कधी गरवां लावीत नसत. आता बियाण्याच्या दुकानात जां मिळात तां सगळीकडे.

वरकस

कर्जतवालीताई, हे सोनं आहे. मग वरच्या सगळ्या चोंढ्यांत सरसकट हळवं लावा असं गावाला सांगावं का? कर्जत-१८४ सारखं?

कर्जतवाली

सरसकट नको. कर्जत-१८४ लवकर सुटतं हे खरं, पण लवकर सुटलेलं भात लवकर कापावं लागतं, आणि सप्टेंबरच्या शेवटी पाऊस गेलेला असेलच असं नाही. उभं भात आडवं पडून लोंब्यांना मोड आलेले मी पाहिलेत. कोरड्याचा धोका टाळायला जाऊन ओल्याचा ओढवून घ्यायचा. २०१९ चा ऑक्टोबर आठवा, क्यार वादळाच्या वेळी कापून ठेवलेलं भात शेतात कुजलं. तेव्हा गरवंही वाचलं नव्हतं. वरच्या तुकड्यात हळवं, मधे निमगरवं, मळ्यात गरवं, अशी वाटणी केली तर निदान सगळं एकाच वेळी हातचं जात नाही. जुनी माणसं हेच करत होती.

दुसरं म्हणजे चिखलणी. आमच्याकडे काही जण चंद्रशेखर भडसावळेंच्या सगुणा भात तंत्राने गादीवाफ्यावर टोकणी करतात, चिखलणी नाही, लावणी नाही. जुनी मुळं जमिनीतच कुजतात आणि माती भुसभुशीत राहते. उघडीप पडली की चिखलणीच्या शेताला जशा रुंद भेगा पडतात तशा तिथे पडत नाहीत. तण सांभाळावं लागतं आणि तणनाशकावर सगळी मदार, हे मला तितकंसं रुचत नाही. पण ज्यांना लावणीला माणूसच मिळत नाही त्यांना बघायला हरकत नाही.

रायवळ

बागायतदाराची बाजू कोणी मांडलीच नाही, म्हणून मधेच तोंड घालतो. ज्या ऑक्टोबरच्या कोरडीला तुम्ही शिव्या घालताय, ती हापूसला हवी असते. पावसाळा संपल्यावर जमीन वाळली, थंडी पडली, की झाड पालवी थांबवून मोहोराकडे वळतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस रेंगाळला की पालवी फुटते आणि मोहोर लांबतो. त्यामुळे 'गावाचा दुष्काळ धोका' असा एकच आकडा काढलात तर तो भातवाल्याला खोटा आणि आंबेवाल्यालाही खोटा. पिकागणिक वेगळा काढा.

आमचा दुष्काळ मार्च ते मे. सड्यावर (कातळाच्या पठारावर) सुरुंगाने खड्डे फोडून नवीन काजू-आंब्याची कलमं लावतात. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी मिळालं नाही तर ती जातात. एकूण पाऊस कितीही पडो. तिथे प्लास्टिक अंथरलेलं जलकुंड करून पावसाळ्यातच भरून ठेवणं हा एकच मार्ग, वरून झाकण हवं नाहीतर निम्मं उडून जातं. सुपारीचं तर बोलूच नका. विहीर एप्रिलमध्ये तळाला गेली की बाग पिवळी.

माजघर

आतापर्यंत सगळी चर्चा शेताची झाली. घराची कोण करणार?

आमच्या वाडीतली गोष्ट सांगते. दोन शेजारी, एकाच मेरेच्या (बांधाच्या) दोन बाजूंना चोंढे, सारखंच वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन), दोघांचंही भात गेलं. एका घरात मुलगा मुंबईला नोकरीत, गणपतीला आला, भाताचे पैसे ठेवून गेला. दुसऱ्या घरात सासू-सून दोघीच, लावणीला उसनवार मजुरी घेतलेली, ती फेडायला दुसऱ्याच्या कापणीला गेल्या, आणि स्वतःच्या शेतातला उरलासुरला पेंढाही वेळेवर आणता आला नाही. पेंढा नाही म्हणून म्हैस विकली. पाऊस दोन्ही घरांना सारखाच, शेत सारखंच. एका घराचं एक वर्ष गेलं, दुसऱ्याचं दूधही गेलं.

तर वरकसभाऊ, तुमच्या कागदावर 'घरात कमावता कोण', 'गुरं किती', 'लावणी कोणाच्या जिवावर' हे रकाने नसतील तर तो शेतीखात्याचाच कागद होईल.

आकडेमोड

माजघर +१. हवामान बदलावरचं आंतरसरकारी मंडळ, म्हणजे आयपीसीसी, २०१४ पासून धोका असाच मांडतं. संकट एकीकडे, त्याच्या वाटेत काय-कोण उभं आहे ते दुसरीकडे, आणि सोसण्याची ताकद किती कमी आहे ते तिसरीकडे. तिन्ही जुळलं तर धोका. उघडीप हे संकट, वरचा चोंढा वाटेत, आणि सासू-सुनेच्या घरची परिस्थिती म्हणजे तिसरं. तिकटीकाकांचं 'माणसांचो दुष्काळ' तेही तिसऱ्यातच बसतं. पडीक शेताला मात्र धोका शून्य, कारण वाटेत काहीच नाही. काका, इथे तुम्ही आणि आयपीसीसी एका बाजूला आहात.

फक्त एक सांभाळा. या सगळ्याला गुण देऊन, वजनं लावून एकच निर्देशांक काढायचा मोह होईल. शेतीच्या जागेला ४०, घराला ३० असं काहीतरी. ते आकडे कुठून आले असं ग्रामसभेत कोणी विचारलं तर उत्तर नसतं. रकाने वेगळेच ठेवा, लोक स्वतः वाचतील.

चाकरमानी

पण मग पीकविमा कशासाठी आहे? काढायचा ना.

वरकस

काढला होता. भाताचा विमा महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरतो. पीककापणी प्रयोग मळ्यातही होतात, वरकसातही होतात, त्यांची सरासरी आदल्या वर्षांवरून काढलेल्या उंबरठ्याच्या खाली गेली तर भरपाई. मळा भरून पिकला की सरासरी तरते आणि आमच्या पाखाडीवरच्यांच्या हातावर तुरी. २०२३ पासून एक रुपयात होता म्हणून लोक काढायचे, २०२५ पासून पुन्हा हप्ता आला. त्यात सातबारावर पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही तर वरच गेलेली. कसणारा एक आणि नावं इतकी, अर्ज करायला बसलं की तिथेच दिवस मावळतो.

आंब्या-काजूचा विमा हवामानाच्या आकड्यांवर असतो, तो प्रकार वेगळा. रायवळ सांगतील.

रायवळ

सांगेन, पण वेगळ्या धाग्यात. इथे सुरू केलं तर रक्तदाब वाढेल.

चाकरमानी

बरं, मग करायचं काय? राज्याच्या जमिनीच्या दहा टक्के कोकण आणि पाणी जवळपास निम्मं, हे लहानपणापासून ऐकतोय. धरणं बांधा म्हणावं.

तिकटीवरचो

धरणां बांधली म्हणान पानी वरच्या चोंढ्यात चढाक व्हया ना? ता खाली जाता. आधी मेर बघा. लोक मेर धरीतच नाय आता.

वरकस

काकांनी पहिल्यांदाच कामाचं बोललं, नोंद घ्यावी. (हलकेच घ्या, काका.)

मेरेचं खरंच आहे. गेल्या पावसात शेजारच्या चोंढ्याला बघत होतो. वरच्या अंगाला पाणी भरलेलं, खालच्या अंगाला मेरेच्या पायथ्याशी करंगळीएवढी धार, गढूळ. हात घातला तर खेकड्याचं बीळ आडवं आरपार गेलेलं. बाहेरून माती लिंपली की रात्रीत पुन्हा फुटतं. आतल्या अंगाने, पाण्याच्या बाजूने, चिखलाचा गोळा पायाने दाबून बसवावा लागतो. पूर्वी लावणीनंतर रोज सकाळी कोणीतरी मेरेवरून फिरायचं ते एवढ्यासाठीच. आता शेताकडे जाणं होतं ते खत टाकायला. माझ्या वरच्या हिशोबात झिरपा धरला, पण अशी धार लागलेली असेल तर पाच दिवस कुठले, दुसऱ्या दिवशी चिखल.

कर्जतवाली

शेतातलं पाणी मोजायला एक स्वस्त उपाय. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संस्थेने रूढ केलेली पद्धत आहे. फूटभर लांबीचा प्लास्टिक पाइप घ्यायचा, खालच्या अर्ध्याला भोकं पाडायची, तो अर्धा जमिनीत पुरायचा आणि आतली माती काढून टाकायची. पाणी जमिनीखाली किती खोल गेलंय ते आत डोकावून दिसतं. पाणी पंधरा सेंटिमीटर खाली जाईपर्यंत भाताला ताण बसत नाही असं धरतात, फुलोरा सोडून. फुलोऱ्यात उभं पाणी हवंच. त्यांनी तो पाणी वाचवण्यासाठी काढला. तुम्ही नुसता मोजमापाला वापरा. वरच्या, मधल्या, खालच्या अशा तीन चोंढ्यांत एकेक पाइप आणि उघडीप पडली की रोजची नोंद. एका हंगामात कळेल की तुमच्या गावात कुठलं शेत कितव्या दिवशी हात टेकतं. तालुक्याच्या सरासरीतून हे जन्मात कळणार नाही.

चाकरमानी

गणपतीला येताना पाइप घेऊन येतो. भोकं पाडणं माझ्याकडे.

खारेपाट

उशिरा येतोय, पण आमचं कोणी घेतलंच नाही. पेण-अलिबागच्या खाडीकाठच्या खारजमिनीत उघडीप म्हणजे पाणी कमी एवढंच नसतं. पाऊस चालू असतो तोवर गोडं पाणी मीठ खाली दाबून ठेवतं. पाऊस थांबला, ऊन पडलं, की खालचं मीठ ओलीबरोबर वर चढतं आणि खाचराच्या कडेला मिठाचा पांढरा थर धरतो. त्यात उधाणाला बांध फुटला तर संपलंच. त्यामुळे आमच्याकडे तुमच्या वरकसाच्या उलट: सगळ्यात खालचं शेत सगळ्यात धोक्याचं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २, ३ या जाती खारं सोसतात, पण त्यालाही हद्द आहे.

वरकस

हे माझ्या डोक्यातच आलं नसतं, आमच्या वाडीखालीही खाजणातली (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली) थोडी शेती आहे. म्हणजे 'वर धोका, खाली निवांत' हा रकाना खाजणापुरता उलटा करावा लागेल. मीठ तुम्ही मोजता कशाने?

खारेपाट

ईसी मीटर मिळतो, खिशात मावणारा, पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षार दाखवणारा. मातीचं नीट मोजमाप प्रयोगशाळेतूनच करून घ्या, चार डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या वर आकडा गेला की जमीन खारी धरतात, साध्या भाताला तीनपासूनच त्रास सुरू होतो. खाचरातल्या पाण्याला मात्र खिशातला मीटर पुरे. उघडीप सुरू झाली की एक दिवसाआड बघा, आणि उधाणाची तारीख शेजारी लिहा. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे आकडा उडी मारत असेल तर मीठ जमिनीतून येत नाहीये, तुमचा बांध किंवा उघाडीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) झडप गळतेय. ते आधी बघा.

तिकटीवरचो

मगे झडपेचो पन एक रकानो घाला. आणि ग्रामसभा कधी ता सांगा, मी येतंय.